ग्रुपला टॉपिक वाटून देऊ नका, एक पेशंट द्या: इन्फ्लमेशन आणि क्लॉटिंग शिकवणाऱ्यांना खुलं पत्र

मेडिकल कॉलेजांच्या अभ्यासक्रम समित्यांना, आणि फिजिऑलॉजी, पॅथॉलॉजी, मेडिसिन शिकवणाऱ्या सगळ्या सहकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

थेट विषयालाच हात घालते. इन्फ्लमेशन (इजा किंवा इन्फेक्शन झालं की शरीरात होणारा दाह) आणि रक्त गोठणं, म्हणजे क्लॉटिंग, हे दोन टॉपिक आपण वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या लोकांकडून, बऱ्याचदा वेगवेगळ्या वर्षी शिकवतो, आणि वर ग्रुप लर्निंगच्या नावाखाली त्यांचे आणखी बारीक तुकडे करून मुलांमध्ये वाटतो. हे थांबवा अशी माझी कळकळीची विनंती आहे. ग्रुप लर्निंगला माझा विरोध नाही, उलट या दोन टॉपिकांइतकी ग्रुपमध्ये शिकण्यासारखी गोष्ट पॅथॉलॉजीत दुसरी क्वचितच असेल. मुद्दा एवढाच आहे की ग्रुपला काम कोणतं द्यायचं.

आत्ता काय होतं बघा. क्लॉटिंगचा कॅस्केड, म्हणजे रक्तातले फॅक्टर एकामागून एक चालू होण्याची साखळी, मुलं पहिल्यांदा फिजिऑलॉजीत बघतात, तिथे तो पाठ होतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. मग जनरल पॅथॉलॉजीत इन्फ्लमेशन येतं, पांढऱ्या पेशींच्या पायऱ्या म्हणजे मार्जिनेशन, रोलिंग, अ‍ॅडहेजन, मग केमिकल मेडिएटर्सची ती लांबलचक यादी. त्यानंतर थ्रॉम्बोसिसचा, म्हणजे वाहिनीत गुठळी होण्याचा चॅप्टर, तिथे त्याची तीन कारणं, फिर्खोचा ट्रायड. मग कधीतरी हिमॅटॉलॉजीत ब्लीडिंग डिसऑर्डर्स, आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या टेस्ट, पीटी, एपीटीटी. प्रत्येक चॅप्टर आपापल्या जागी नीट शिकवला जातो, शिकवणारे मेहनतीने शिकवतात, मला कुणाच्या मेहनतीबद्दल शंका नाही. पण तोच मुलगा पुढे वॉर्डात सेप्सिसच्या (इन्फेक्शनमुळे सगळं शरीरच बिघडलेल्या) पेशंटसमोर उभा राहतो, पेशंटच्या सलाइनच्या जागेतून रक्त झिरपतंय आणि त्याच पेशंटच्या पायाची बोटं काळीनिळी पडताहेत, आणि त्याला कळत नाही की नक्की चाललंय काय, रक्त वाहतंय का गोठतंय. त्याला दोन्ही चॅप्टर येतात. दोन चॅप्टरांच्या मधली जागा त्याला कुणी दाखवलेलीच नसते.

आणि ही मधली जागा म्हणजे काही सुपरस्पेशालिटीचं ज्ञान नाही. एंडोथेलियमच्या, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या, एका पेशीत बघा. तिच्यात लांबुळक्या छोट्या पिशव्या असतात, वायबेल-पलाडे बॉडीज. मुलांना हे नाव एमसीक्यूपुरतं माहीत असतं. त्या पिशवीत मुख्य माल दोन: एक फॉन विलेब्रांड फॅक्टर, जो प्लेटलेट्सना भिंतीला चिकटवतो, आणि दुसरा पी-सिलेक्टिन, ज्याला धरून न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणारी पांढरी पेशी) भिंतीवरून घरंगळायला लागतो. म्हणजे हिस्टामिन (इन्फ्लमेशनचं रसायन) किंवा थ्रॉम्बिन (क्लॉटिंगचं मुख्य एन्झाइम) येऊन त्या पेशीला लागलं की एकच पिशवी फुटते आणि त्यातून क्लॉटिंगचं सामान आणि इन्फ्लमेशनचं सामान एकदमच बाहेर पडतं. शरीराने हे दोन टॉपिक एका पुडीत बांधून ठेवलेत! आपण मात्र पी-सिलेक्टिन एका लेक्चरला आणि फॉन विलेब्रांड दुसऱ्या लेक्चरला, मधे कधीकधी वर्षाचं अंतर.

तसंच स्टेसिसचं, म्हणजे रक्ताचा प्रवाह मंदावण्याचं. अ‍ॅक्यूट इन्फ्लमेशनमध्ये रक्तवाहिनी रुंदावते, प्लाझ्मा बाहेर गळतो, आत राहिलेलं रक्त दाट होतं आणि प्रवाह मंदावतो, हे मुलं पहिल्याच चॅप्टरला लिहितात. १८५६ मध्ये फिर्खोने थ्रॉम्बोसिसबद्दल जे मांडलं, ज्याला आपण आज ट्रायड म्हणतो, त्यातही स्टेसिस आहेच, वाहिनीच्या भिंतीची इजा आहे आणि रक्ताचा गोठण्याकडे कल आहे. सिव्हिअर इन्फ्लमेशनमध्ये हे तिन्ही एकाच वेळी हजर असतात. वर्गात विचारून बघा की या दोन चॅप्टरांतल्या स्टेसिसचा एकमेकांशी काय संबंध, बरीच मुलं गप्प बसतात, कारण त्यांच्या वहीत ती दोन वेगळ्या पानांवर आहेत.

कोविडमध्ये तर सगळ्या जगाने हे पाहिलं. व्हायरल न्यूमोनियाचे पेशंट आणि फाइलवर डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात सुटणारा तुकडा), फुप्फुसात गुठळ्या, वॉर्डावॉर्डात गुठळ्या रोखणारं हेपॅरिन. इन्फेक्शनमध्ये शरीर मुद्दाम छोट्या वाहिन्यांत गुठळ्या करून जंतूंना अडवतं, या विचाराला एंगलमन आणि मासबर्ग यांनी २०१३ मध्येच इम्युनोथ्रॉम्बोसिस असं नाव दिलं होतं. त्याआधी २००४ मध्ये न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर फेकतो हे दिसलं होतं, आणि त्या जाळ्यात जंतूंप्रमाणेच प्लेटलेट्सही अडकतात हे पुढे कळलं. म्हणजे ज्ञान पुढे गेलंय, टाइमटेबल तिथेच आहे.

आता ग्रुप लर्निंगकडे येते, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे.

बहुतेक ठिकाणी ग्रुप लर्निंग म्हणजे सेमिनार. पहिल्या ग्रुपला व्हॅस्क्युलर चेंजेस, दुसऱ्याला सेल्युलर इव्हेंट्स, तिसऱ्याला मेडिएटर्स, चौथ्याला क्लॉटिंग कॅस्केडची एक फांदी, इन्ट्रिन्सिक पाथवे, पाचव्याला दुसरी, एक्स्ट्रिन्सिक. मग ग्रुपमध्ये परत वाटणी, तू स्लाइड १ ते ५ कर, मी ६ ते १० करते. दोघं काम करतात, एक जण पीपीटी सजवतो, बाकीचे हजर असतात. सादरीकरणाच्या दिवशी प्रत्येक जण आपला भाग वाचून दाखवतो आणि बाकीचा वर्ग आपली पाळी कधी येते याची वाट बघतो. शेवटी इन्ट्रिन्सिकवाल्याला इन्ट्रिन्सिक येतं, बाकी काही नाही. जिगसॉचे तुकडे सगळ्यांना वाटले आणि चित्र जोडायला कुणीच बसलं नाही. गंमत म्हणजे जिगसॉ नावाची शिकवायची पद्धत खरोखर आहे, एलियट अ‍ॅरन्सनने १९७१ मध्ये टेक्ससमध्ये काढलेली, पण तिच्यात आपला तुकडा शिकून आल्यावर परत एकत्र बसून एकमेकांना शिकवणं हाच तिचा जीव आहे. आपण पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा सोडून दिला.

कॅस्केडचं नाटक बसवणं हाही एक प्रकार चालतो, एक मुलगा फॅक्टर १०, एक मुलगी थ्रॉम्बिन, सगळे हात धरून उभे राहतात आणि फायब्रिनची जाळी होते. मुलांना मजा येते आणि मजा येणं वाईट नाही. पण त्यातही प्रत्येकाला आपला डायलॉग येतो, शेजारचा नाही, आणि मुख्य म्हणजे कुणाला काही ठरवावं लागत नाही. माझ्या मते ग्रुपने शिकावं असं वाटत असेल तर ग्रुपला असं काहीतरी द्यायला हवं ज्याचं उत्तर एकट्याला खात्रीने देता येणार नाही आणि ज्यावर सगळ्यांना मिळून एकच निर्णय घ्यावाच लागेल.

एक केस देते, तुम्ही जशीच्या तशी वापरा. केस बनवलेली आहे, पण अशा पेशंट आपण सगळ्यांनी पाहिल्यात.

मूत्रमार्गाच्या इन्फेक्शनने आलेली पन्नाशीची बाई, ताप, बीपी खाली, श्वास जलद. पहिल्या दिवशी प्लेटलेट्स १,४०,००० आणि दुसऱ्या दिवशी ६२,०००. पीटी लांबलेला, एपीटीटी थोडा लांबलेला, डी-डायमर खूप वाढलेला. सलाइनच्या जागेतून रक्त झिरपतंय. आणि फायब्रिनोजेन (गुठळीची फायब्रिनची जाळी ज्यातून बनते ते प्रोटीन) दर डेसिलीटरला २३० मिलिग्रॅम, शेजारी लॅबची नॉर्मल रेंज छापलेली, २०० ते ४००.

प्रश्न एकच विचारायचा: हा फायब्रिनोजेन नॉर्मल आहे का? हो किंवा नाही, आणि एका वाक्यात कारण.

आता ग्रुपमध्ये काय होतं ते सांगते. पहिल्या मिनिटाला जवळजवळ सगळे म्हणतात नॉर्मल, रेंजमध्ये आहे की. ज्याने डीआयसी (शरीरभर बारीक गुठळ्या होऊन गोठण्याचं सामान संपत जाणं) वाचलंय तो म्हणतो, मग हे डीआयसी नाही, कारण त्यात फायब्रिनोजेन कमी होतो. दुसरा म्हणतो अरे पण प्लेटलेट्स एका दिवसात निम्म्याखाली आल्यात आणि डी-डायमर बघ. दोघं भांडतात. आणि मग कुठूनतरी, बऱ्याचदा न बोलणाऱ्या कोपऱ्यातून, एक प्रश्न येतो: पण फायब्रिनोजेन अ‍ॅक्यूट फेज प्रोटीन आहे ना? सीआरपीसारखं? मग इतक्या मोठ्या इन्फेक्शनमध्ये ते वाढायला नको का? तिथे ग्रुप शांत होतो. कारण आता सगळ्यांच्या लक्षात येतं की इंटरल्यूकिन-६ या इन्फ्लमेशनच्या मेडिएटरमुळे लिव्हर फायब्रिनोजेन जोरात बनवतंय, तो आज ५००-६०० च्या घरात असायला हवा होता, आणि तो २३० आहे याचा अर्थ बनतोय तितकाच कुठेतरी खर्च होतोय. कुठे? पायाच्या बोटांच्या, किडनीच्या बारीक वाहिन्यांत. नॉर्मल दिसणारा आकडा नॉर्मल नाही, तो उद्या परत बघायला हवा, परवा परत.

ही एक गोष्ट इन्फ्लमेशनच्या लेक्चरमध्ये शिकवता येत नाही आणि क्लॉटिंगच्या लेक्चरमध्येही शिकवता येत नाही. ती दोघांच्या मधेच आहे. आणि मी ती फळ्यावर लिहून सांगितली तर मुलं ती वहीत उतरवतील, अधोरेखित करतील, आणि वॉर्डात तोच रिपोर्ट हातात आला की रेंज बघून नॉर्मल म्हणतील. स्वतः नॉर्मल म्हणून, त्यासाठी भांडून, मग शेजारणीच्या एका प्रश्नाने मत बदललेलं असेल तर ते विसरायला होत नाही.

मग दुसरा प्रश्न: आत्ता या क्षणी सगळ्यात आधी काय कराल? पर्याय चार. हेपॅरिन सुरू करणं, प्लेटलेट्स आणि एफएफपी (क्लॉटिंग फॅक्टर असलेला प्लाझ्मा) लगेच चढवणं, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड देणं, किंवा अँटिबायोटिक देऊन मूत्रमार्गात अडथळा आहे का ते शोधून तो मोकळा करणं. चारही पर्यायांना कुणी ना कुणी वकील मिळतो आणि तेच हवं असतं. ट्रॅनेक्झॅमिक गुठळी विरघळू देत नाही, म्हणून ट्रॅनेक्झॅमिकवाला म्हणतो रक्त वाहतंय तर थांबवायला नको? मग त्याला ग्रुपनेच दाखवून द्यायचं असतं की सेप्सिसमध्ये पीएआय-१ वाढल्यामुळे गुठळ्या विरघळवण्याचं काम आधीच मंदावलंय, त्यावर अजून ब्रेक लावला तर बारीक वाहिन्या बंदच पडतील. प्लेटलेट्सवाल्याला विचारायचं असतं, रक्त नुसतं झिरपतंय का जोरात वाहतंय, काही प्रोसिजर करायची आहे का, नुसता आकडा बरा दिसावा म्हणून देतोयस का. आणि शेवटी सगळे तिथेच येतात की आग जिथे लागली ती जागा विझवल्याशिवाय बाकी सगळं तात्पुरतं.

इथे एक खरा इतिहास जोडा, मुलांना तो आवडतोही आणि सावधही करतो. सेप्सिसमध्ये एंडोथेलियमवरचं थ्रॉम्बोमोड्युलिन हे प्रोटीन कमी होतं, त्यामुळे प्रोटीन सी अ‍ॅक्टिव्हेट होत नाही, आणि हे अ‍ॅक्टिव्हेटेड प्रोटीन सी गुठळ्याही रोखतं आणि इन्फ्लमेशनही कमी करतं. मग ते बाहेरून दिलं तर? कागदावर याहून सुंदर औषध नाही. २००१ मध्ये मोठ्या ट्रायलमध्ये मृत्यू कमी झालेले दिसले, औषधाला मान्यता मिळाली, आणि २०११ मध्ये दुसऱ्या मोठ्या ट्रायलमध्ये फायदा दिसला नाही म्हणून ते बाजारातून काढून घेतलं गेलं. हे ग्रुपला सांगून विचारा की आपली आकृती चुकीची होती, का अपुरी होती, का पेशंट वेगळे होते. यावर एकमत व्हायलाच हवं असं नाही, आणि शिक्षकाने ते घडवून आणण्याचा आग्रहही धरू नये. पण सेकंड इयरच्या मुलाला एवढं कळलं की मेकॅनिझम पटला म्हणजे पेशंट वाचेलच असं नसतं, तर तो पुढे आयुष्यभर पेपर जरा वेगळ्या नजरेने वाचेल.

आता कॅस्केडबद्दल. तो इन्ट्रिन्सिक-एक्स्ट्रिन्सिकचा वाय आकार आपण अजून तसाच शिकवतो. एका फॅक्टरने पुढच्याला चालू करायचं ही कल्पना १९६४ मध्ये दोन ठिकाणी मांडली गेली, एकीकडे मॅकफार्लेन आणि दुसरीकडे डेव्ही आणि रॅटनॉफ, आणि टेस्ट ट्यूबमधल्या टेस्ट समजायला तो वाय आजही उत्तम आहे, पीटी एपीटीटी वाचायला मी स्वतः तोच वापरते. पण पेशंटच्या शरीरात तसं चालत नाही, आणि हे मुलांना ग्रुपमध्येच सापडू द्यावं असं मला फार वाटतं, कारण त्यासाठी दोन पेशंट पुरतात.

एक, हिमोफिलियाचा मुलगा. फॅक्टर ८ नाही. ग्रुपला विचारा, याचा एक्स्ट्रिन्सिक पाथवे तर धडधाकट आहे, पीटी नॉर्मल आहे, जखमेपाशी तो पाथवे सुरू करणारा टिश्यू फॅक्टर आहे, फॅक्टर ७ आहे, मग फॅक्टर १० तिकडून चालू होईल की, हा मुलगा गुडघ्यात का रक्त साठवतोय? वाय आकाराने याचं उत्तर देता येत नाही, मुलं खरंच अडकतात, आणि त्यांना अडकू द्या, लगेच मदतीला जाऊ नका. दुसरा, एपीटीटी प्रचंड लांबलेला पण आयुष्यात कधी रक्तस्राव न झालेला माणूस, फॅक्टर १२ नसलेला. पहिला असा पेशंट जॉन हॅगमन, रॅटनॉफ आणि कोलोपी यांनी १९५५ मध्ये त्याच्याबद्दल लिहिलं, ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत सापडला होता. फॅक्टरला त्याचंच नाव पडलं. आणि हा माणूस १९६८ मध्ये गेला तो फुप्फुसात गुठळी अडकून. हे सांगितल्यावर वर्गात जी चुळबूळ होते ती होऊ द्या. इन्ट्रिन्सिकचा सगळ्यात वरचा फॅक्टर नाही आणि माणूस गुठळीने गेला!

या दोन पेशंटवर अर्धा तास भांडून झाला की मग सेल-बेस्ड मॉडेल सांगा, हॉफमन आणि मन्रो यांनी २००१ च्या सुमाराला मांडलेलं. सुरुवात टिश्यू फॅक्टर असलेल्या पेशीवर होते, थोडासाच थ्रॉम्बिन तयार होतो, टीएफपीआय (टिश्यू फॅक्टरला रोखणारं प्रोटीन) ती सुरुवात लगेच दाबून टाकतं, पण त्या थोड्या थ्रॉम्बिनने प्लेटलेट्स, फॅक्टर ५, ८ आणि ११ जागे झालेले असतात, आणि खरा थ्रॉम्बिनचा लोंढा प्लेटलेटच्या पृष्ठभागावर ८ आणि ९ च्या जोरावर येतो. हिमोफिलियात ठिणगी पडते पण लोंढा येत नाही. आणि फॅक्टर १२? जखमेवर रक्त थांबवायला त्याची गरज लागत नाही, पण तो कॅलिक्रेन आणि त्यातून ब्रॅडिकायनिन तयार करतो, म्हणजे दुखणं आणि सूज. बघा, परत इन्फ्लमेशन. हे लेक्चर दहा मिनिटांचं पुरतं, कारण प्रश्न आधीच मुलांच्या डोक्यात तयार असतो. आधी लेक्चर आणि मग केस या क्रमाने तेच मॉडेल पाऊण तास घेतं आणि तरी निसटतं.

सगळंच ग्रुपवर टाका असं मी म्हणत नाहीये. रोमन लेखक सेल्ससने सांगितलेली इन्फ्लमेशनची चार लक्षणं, लाली, उष्णता, वेदना, सूज, ही दोन मिनिटांत सांगून पुढे जायची गोष्ट आहे. मेडिएटर्सची नावं घरीच वाचून यायची. न्यूट्रोफिल भिंतीवरून घरंगळतो, थांबतो आणि मग दोन पेशींच्या फटीतून बाहेर पडतो हे जिवंत वाहिनीच्या व्हिडिओत बघायचं, कोनहाइमने १८६७ च्या सुमाराला बेडकात हे सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिलं होतं, आपली मुलं बाणांच्या आकृतीवर का थांबावीत. व्हिडिओ बघून झाला की मग एक छोटी केस: बाळाची नाळ पाच आठवडे झाले तरी पडली नाही, वारंवार इन्फेक्शन, पांढऱ्या पेशी ६०,०००, पण जखमेत पू नाही. नेमकी कोणती पायरी अडली? न्यूट्रोफिल रक्तात भरपूर आहेत आणि बाहेर पडत नाहीत, म्हणजे त्यांना भिंतीला घट्ट चिकटवणाऱ्या इन्टेग्रिनचा दोष, सीडी १८. एवढ्याला पंधरा मिनिटं बास.

पद्धतीबद्दल थोडं. मला टीम-बेस्ड लर्निंग यासाठी बरं वाटतं की ते मोठ्या वर्गात एका शिक्षकाला झेपतं. प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग, जे १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत सुरू झालं, ते चांगलंच आहे, पण प्रत्येक छोट्या ग्रुपला एक ट्यूटर लागतो आणि तेवढी माणसं बहुतेक डिपार्टमेंटकडे नसतात, मग एक ट्यूटर चार ग्रुपमध्ये धावत राहतो. टीम-बेस्डची रचना लॅरी मायकलसनने १९७० च्या दशकाच्या शेवटी ओक्लाहोमामध्ये केली ती वर्ग अचानक मोठा झाला म्हणूनच. आधी घरून वाचून यायचं, आल्यावर प्रत्येकाने एकट्याने छोटी टेस्ट द्यायची, मग तीच टेस्ट ग्रुपने मिळून, उत्तर लगेच कळणार, आणि मग वेळेचा मोठा हिस्सा केसवर. सगळ्या ग्रुपना तीच केस, एकच पर्याय निवडायचा, आणि सगळ्यांनी एकाच वेळी कार्ड वर करायचं. हे एकाच वेळी फार महत्त्वाचं आहे, नाहीतर पहिला ग्रुप जे म्हणेल तेच बाकीचे म्हणतात. ग्रुप पाच ते सात जणांचे, आणि ते शिक्षकांनी पाडायचे, मैत्रीवर किंवा हजेरी क्रमांकावर नाही. आणि वर्षभर तेच ठेवा, दर वेळी बदलू नका, एकमेकांसमोर चुकायची भीती जायला वेळ लागतो.

एकट्याची टेस्ट मात्र वगळू नका, हात जोडून सांगते. न वाचता येणाऱ्याला तिथेच कळतं की आपल्यामुळे ग्रुप अडणार आहे. शिवाय जी मुलगी बोलत नाही तिचं उत्तर कागदावर आधीच आलेलं असतं, मग ग्रुपला तिला विचारावंच लागतं, तू हे का लिहिलंस. आणि भांडण ज्या भाषेत नीट करता येतं त्या भाषेत करू द्या, टर्म्स इंग्रजीच राहतील, काळजी करू नका. विचार करताना भाषेला अडखळणारा मुलगा विषयात कच्चा असतो असं नाही.

मुलं तक्रार करतील. म्हणतील सर तुम्हीच शिकवा ना, मॅडम नोट्स द्या. या तक्रारीला घाबरून बऱ्याच डिपार्टमेंटनी दोन सेशननंतर हे बंद केलेलं मला माहीत आहे, आणि फीडबॅक फॉर्मवर मार्क कमी आले की वरूनही विचारणा होते. पण २०१९ मध्ये हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चांगल्या लेक्चरला बसलेल्या मुलांना वाटलं की आपण जास्त शिकलो, आणि टेस्टमध्ये जास्त मार्क मिळाले ते वर्गात स्वतः काम केलेल्या मुलांना. डोक्याला ताण पडतो तेव्हा शिकतोय असं वाटत नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाका. विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास २०१४ मध्ये एकत्र करून पाहिले तेव्हा नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं आणि अ‍ॅक्टिव्ह लर्निंगच्या वर्गात सुमारे २२. ते मेडिकलचे वर्ग नव्हते हे मान्य, तरी फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

लॅबलाही यात ओढा. मिक्सिंग टेस्ट मुलांच्या समोर करा, शक्य असेल तर त्यांच्या हातून. निळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये सायट्रेट, नऊ भाग रक्ताला एक भाग, ट्यूब अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होऊन एपीटीटी खोटाच लांबतो, हे एकदा हाताने केलं की इंटर्नशिपमध्ये अर्धवट भरलेल्या ट्यूब येणं आपोआप कमी होईल. मग लांबलेल्या एपीटीटीचा प्लाझ्मा घ्या, तेवढाच नॉर्मल प्लाझ्मा मिसळा, आणि टेस्ट लावायच्या आधी प्रत्येक ग्रुपकडून अंदाज लिहून घ्या. वेळ नॉर्मलवर आला तर फॅक्टर कमी होता, नाही आला तर कुणीतरी अडवणारा आहे. आणि तो अडवणारा म्हणजे एक अँटिबॉडी, ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट निघाला तर विचारा, या पेशंटला ब्लीडिंगची भीती आहे का गुठळीची? रिपोर्ट एक सांगतोय आणि शरीर बरोबर उलटं करतंय. ट्यूब आणि माणूस यातला फरक शिकवायला याहून चांगला प्लाझ्मा नाही.

आता समित्यांकडे थेट मागणं. इन्फ्लमेशन आणि हिमोस्टेसिस-थ्रॉम्बोसिस (रक्तस्राव थांबणं आणि गुठळी होणं) हे दोन्ही सलग दोन आठवड्यांत ठेवा आणि दुसऱ्या आठवड्यातले निदान दोन पूर्ण सेशन फिजिऑलॉजी, पॅथॉलॉजी आणि मेडिसिनच्या शिक्षकांनी एकत्र, एकाच खोलीत घ्यावेत, कारण वरची केस कुठल्याही एका डिपार्टमेंटची नाही. केस लिहिण्याचा वेळ शिकवण्याच्या तासांत धरा, एक चांगली केस लिहायला लेक्चर तयार करण्यापेक्षा जास्त वेळ जातो आणि आज तो कुठेच मोजला जात नाही. आणि परीक्षा बदला. जोपर्यंत पेपरात क्लॉटिंग कॅस्केडची आकृती काढा हाच प्रश्न येणार आहे तोपर्यंत मुलं ग्रुपमध्ये बसूनही आकृतीच पाठ करणार, आणि त्यात त्यांचा दोष नाही, पास तर व्हायचंय. त्याऐवजी रिपोर्ट द्या. प्लेटलेट्स, पीटी, एपीटीटी, फायब्रिनोजेन, डी-डायमर, दोन दिवसांचे आकडे शेजारी शेजारी, आणि विचारा की कालपासून आजपर्यंत या माणसाच्या रक्तवाहिनीत काय झालं. वायव्हालाही हेच. बाहेरून आलेल्या परीक्षकांना आधी कळवून ठेवा, नाहीतर ते येऊन फॅक्टर १३ चं नाव विचारून निघून जातील.

वरच्या सगळ्या केस कुणीही घ्याव्या, आकडे बदलावे, आपल्या वॉर्डात येणाऱ्या पेशंटप्रमाणे मोडतोड करावी, माझी परवानगी विचारायची गरज नाही. फक्त वापरल्यावर मुलं कुठे अडकली ते एकमेकांना लिहून कळवत जाऊ या, पुढची केस तिथूनच लिहायला घेता येईल.

आपली नम्र,
पॅथॉलॉजीची एक शिक्षिका